कै. लक्ष्मीबाई टिळक

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचण्याचा प्रघात आपल्या शाळांतून फार दिवसांचा आहे. राजे, सेनापति, पुढारी व शास्त्रज्ञ यांचीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. परंतु ज्या मातांच्या हाताखालीं असलीं माणसें वाढतात, त्यांचें चरित्र सहसा कोणी लिहीत नाहीं. आमच्या या छत्रपति संभाजीनगर शहरांत अशा कितीतरी माता आहेत, कीं ज्या पहांटे उठून घरचें सर्व आटोपतात, वेळेवर सरकारी कचेरींत, टपालखात्यांत किंवा इस्पितळांत कामावर हजर होतात, आणि रविवारीं विश्रांति घेण्याऐवजीं शब्बाथ शाळेंतील मुलांस शिकवितात व मंडळींतील आजाऱ्यांच्या समाचारास जातात. त्यांच्या कष्टांची नोंद हजेरीबुकापलीकडे कोठेंच होत नाहीं.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. एका मराठी मातेनें, जिच्यापाशीं कोणत्याही शाळेचा दाखला नव्हता, आपल्या संसाराची हकीगत स्वतःच लिहून ठेविली, आणि ती हकीगत मराठी भाषेंतील उत्तम ग्रंथांपैकीं एक ठरली. ती माता म्हणजे ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. त्यांनीं सरकारी नोकरी केली नाहीं. परंतु संसार, लोकसेवा व मंडळीचें कार्य यांचीं ओझीं एकाच वेळीं वाहणाऱ्या स्त्रीला काय काय सोसावें लागतें, व त्यांतून ती कशी मोठी होते, हें त्यांच्या चरित्रावरून जितकें स्पष्ट कळतें तितकें क्वचितच दुसऱ्या चरित्रावरून कळेल. तें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

जी गोदावरी कायगांव टोक्यावरून आपल्या जिल्ह्याच्या कडेनें वाहत पैठणास येते, तिच्याच कांठीं नाशिकजवळ जलालपूर म्हणून लहानसें गांव आहे. सन १८६८ मध्यें तेथील गोखले यांच्या घराण्यांत लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. त्यांचें माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत त्यांना मनू म्हणत. त्यांच्या जन्मापूर्वीं सुमारें दहा वर्षें या कुटुंबावर एक मोठा आघात झाला होता. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांस १८५७ च्या बंडाच्या संबंधांत फांशीची शिक्षा झाली. त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम होऊन त्यांना सोंवळ्याचें जणुं वेडच लागलें. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं असा त्यांचा दंडक असे, आणि मीठसुद्धां या दंडकांतून सुटत नसे. धुतलेल्या मिठापैकीं घरांत किती येत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी! या सोंवळ्यापायीं घरांतील बायकामुलांचे फार हाल होत. माणसाच्या स्पर्शानें माणूस विटाळतो, हा धडा लक्ष्मीबाईंनीं असा अगदीं बाळपणीं घरींच गिरविला. पुढें तोच धडा त्यांना स्वतःच्या हातानें पुसावा लागला, आणि तें काम सोपें नव्हतें.

वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला व मनूची लक्ष्मी झाली. टिळक हे कोंकणांतील करजगांवचे. आई लहानपणींच वारल्यामुळें ते घर सोडून नाशिकास आले होते. संस्कृत विद्या, वक्तृत्व व कवित्व हीं त्यांच्या अंगीं होतीं. एका ठिकाणीं स्वस्थ बसण्याची बुद्धि मात्र नव्हती. आज या गांवीं शिक्षक, तर उद्यां त्या गांवीं. आज नोकरी आहे, तर उद्यां ती सोडून स्वारी कोठें गेली याचा घरांत पत्ता नाहीं. हातीं आलेला पैसा घरीं पोंचेलच याचा भरंवसा नसे, कारण वाटेंत कोणी दुःखी माणूस भेटला कीं तो त्याच्या हातावर ठेवून टिळक मोकळे होत. अशा पतीबरोबर संसार करणें म्हणजे काय, तें लक्ष्मीबाईंनीं पुढें मोठ्या विनोदानें सांगितलें आहे. परंतु त्या वेळीं तें हंसण्यावारी नेण्यासारखें खचित नव्हतें. त्यांतच पहिलीं अपत्यें अल्पवयांत गेलीं. सन १८९१ मध्यें झालेला मुलगा देवदत्त, ज्याला घरांत दत्तू म्हणत, तो तेवढा त्यांच्या पदरीं राहिला.

सन १८९३ मध्यें नागपुराकडून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशीं गांठ पडली. त्यानें त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनीं तें पुस्तक वाचलें, त्यावर पुष्कळ विचार व पत्रव्यवहार केला, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट त्यांनीं पत्नीला आगाऊ कळविली नव्हती. बातमी आली तेव्हां लक्ष्मीबाईंवर जणुं आकाशच कोसळलें. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरीं जातां येत नाहीं. कपाळीं कुंकू आहे, पण लोक मात्र विधवेहून वाईट नजरेनें पाहतात, अशी त्यांची स्थिति झाली. नातलगांच्या आश्रयानें, लहानग्या दत्तूला पोटाशीं धरून त्यांनीं ते दिवस काढले. त्यांतील कांहीं काळ त्या पंढरपुरासही होत्या.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. धर्मांतर केलेल्या मनुष्याचा जोडीदार त्याच्याकडे नांदावयास येत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून तो विवाह मोडून घेण्याची तरतूद सन १८६६ च्या कायद्यानें झालेली होती. टिळकांनीं तो मार्ग धरला नाहीं. त्यांनीं पत्नीला पत्रें लिहिलीं, कवितांतून विनविलें, प्रत्यक्ष भेटी घेतल्या व वाट पाहिली. इकडे लक्ष्मीबाईंनींही पति मेला असें मानून मन मारून टाकलें नाहीं. आपण धर्म सोडणार नाहीं व नवऱ्यालाही सोडणार नाहीं, असा त्यांचा दुहेरी निश्चय होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधणें त्या काळीं अशक्यच मानीत. सासरमाहेरच्यांचा उपदेश, शेजाऱ्यांचे टोमणे आणि स्वतःच्या मनांतील ओढ यांच्या कात्रींत त्या वर्षानुवर्षें सांपडल्या होत्या.

शेवटीं त्या अहमदनगरास, म्हणजे ज्या शहराला आज अहिल्यानगर म्हणतात तेथें, टिळकांजवळ राहावयास आल्या. नगर हें अमेरिकन मराठी मिशनचें सन १८३१ पासूनचें ठाणें होतें, व टिळक तेथें काम करीत होते. लक्ष्मीबाई आल्या, परंतु आपलें सोंवळें बरोबर घेऊन आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळें. टिळकांनीं त्याला हरकत घेतली नाहीं. मात्र ज्यांच्या स्पर्शाला भ्यावयाचें तीं माणसें आतां रोज डोळ्यांसमोर होतीं. तीं दुखण्यांत धांवून येत, सुखदुःखांत सहभागी होत, आणि तरीही त्यांच्या हातचें पाणी चालत नसे. हें असें कां? ईश्वरानें माणूस निर्माण केला, मग जात कोणीं निर्माण केली? हा प्रश्न त्यांच्या मनांत शिरला तो पुनः बाहेर गेला नाहीं. वडिलांनीं मीठ धुवून जें राखलें होतें, तें मुलीच्या मनांतून हळुहळू ओसरूं लागलें. एक दिवस त्यांनीं जातीचें बंधन टाकून दिलें, आणि पुढें सन १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला. पतीनंतर पांच वर्षांनीं, कोणाच्या आज्ञेनें नव्हे तर स्वतःच्या मनाची खातरी पटल्यावर, त्यांनीं हें पाऊल टाकलें. या पांच वर्षांत दोघांनीं एकमेकांच्या विवेकबुद्धीचा जो मान राखला, तो कोणत्याही धर्माच्या कुटुंबानें आदर्श म्हणून पुढें ठेवण्यासारखा आहे.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर मोठें संकट आलें होतें. सन १८९९ चा पाऊस गेला आणि जो दुष्काळ पडला तो छप्पन्नचा दुष्काळ म्हणून अद्याप जुन्या लोकांच्या बोलण्यांत येतो. नगर, खानदेश आणि त्या वेळीं निजामच्या राज्यांत असलेला आपला मराठवाडा या सर्व भागांत गुरें मेलीं, गांवें उठलीं, आणि आईबाप गमावलेलीं मुलें रस्तोरस्तीं भटकूं लागलीं. मिशनच्या लोकांनीं अशा मुलांसाठीं आश्रम काढले. टिळकांच्या घराचें दार तर सदाच उघडें असे. तीं मुलें कोणत्या जातीचीं, कोणत्या गांवचीं, हें पुष्कळदां त्यांचें त्यांनाही सांगतां येत नसे. केस जटा झालेले, अंगावर चिंधी नाहीं, पोटांत अन्न नाहीं, अशा मुलांना न्हाऊं घालणें, त्यांच्या डोक्यांतील उवा काढणें व त्यांना बेताबेतानें जेवूं घालणें हें काम भाषणें करून होत नाहीं; त्याला आईचा हात लागतो. ज्या हातांना कालपर्यंत परक्याच्या सांवलीची भीति होती, त्याच हातांनीं लक्ष्मीबाईंनीं हें काम केलें. आम्हांस वाटतें, त्यांचा खरा पालट या कामांत दिसून आला.

दुष्काळाच्या मागोमाग प्लेग होताच. सन १८९६ मध्यें हा रोग मुंबईंत शिरला व लवकरच सर्व इलाख्यांत पसरला. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं लोक घरें सोडून गांवाबाहेर रानांत झोपड्या बांधून राहत. काखेंत किंवा जांघेंत गांठ आली व सणसणून ताप भरला, म्हणजे घरच्या माणसांनासुद्धां जवळ जाण्याचा धीर होत नसे, कारण त्या काळीं यावर खात्रीचें औषध नव्हतें. सरकारनें सन १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा करून रोग्यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था केली. परंतु वेगळ्या ठेवलेल्या रोग्याच्या उशाशीं बसण्यास माणूस मिळणें कठीणच होतें. अशा वेळीं आजारी मुलांची शुश्रूषा करण्यासाठीं लक्ष्मीबाई त्या झोपड्यांत जाऊन राहिल्या. त्यांना त्याचें वेतन नव्हतें कीं सक्ति नव्हती. मरणाची भीति वाटत नव्हती असें नव्हे. पण मुलें एकटीं पडलीं आहेत, एवढें कारण त्यांना पुरेसें झालें.

त्यांच्या नगरच्या व राहुरीच्या बिऱ्हाडांत घरच्या माणसांपेक्षां बाहेरचींच माणसें अधिक असत. कोणी शिकणारा मुलगा, कोणी टाकलेली बाई, कोणी वाट चुकलेला कवि. जो येईल त्याला ताट वाढावयाचें. टिळक आमंत्रण देत व डाळतांदळाची चिंता लक्ष्मीबाई करीत. सन १९०७ मध्यें जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाच्या कवितेनें सर्वांचीं मनें जिंकलीं व त्याला बालकवि हें नांव मिळालें. पुढें हा मुलगा टिळकांच्या घरीं नगरास येऊन राहिला. ‘फुलराणी’ व ‘औदुंबर’ या कविता आमच्या विद्यार्थ्यांना माहीत आहेतच; पण त्या कवीचें रुसणें, हट्ट व लहरीपणा लक्ष्मीबाईंनीं आईच्या मायेनें सांभाळला, हें फारच थोड्यांना माहीत असेल. बालकवि सन १९१८ मध्यें रेल्वेच्या अपघातांत अकालीं गेले. त्यांचें जें शब्दचित्र लक्ष्मीबाईंनीं पुढें काढलें, तें वाचतांना आपल्या मुलाविषयीं बोलणारी आईच समोर बसली आहे असें वाटतें.

लक्ष्मीबाईंचें शिक्षण म्हणावें असें कधींच झालें नव्हतें. त्यांच्या लहानपणीं खेड्यांतील मुलीला अक्षर येणें हाच अपराध वाटे. टिळकांनीं त्यांना लिहावयास वाचावयास शिकविलें. पण शिकविणारे उतावळे व शिकणारी गृहकृत्यांत गुंतलेली, त्यामुळें अभ्यास कसा चालत असेल तें सांगावयास नको. असें असूनही त्यांच्या कानांत ओव्या व अभंग यांचा ताल लहानपणापासून भरलेला होता. पतीच्या वियोगांत त्यांनीं जें दुःख सोसलें, तें कवितेच्या रूपानें बाहेर पडूं लागलें, आणि पुढें त्यांच्या कविता मासिकांतूनही प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्या ‘केवढें हें क्रौर्य’ या कवितेनें पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांच्या डोळ्यांत पाणी आणलें, व ज्यांचीं भजनें मराठी मंडळ्यांतून आजही गातात, त्या रेव्हरंड टिळकांच्या शेजारीं बसून आपलीही कविता लिहावयाची, याला थोडें धैर्य लागत नाहीं.

सन १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली. जात, पंथ व पगार या कोणत्याच बंधनांत न राहतां ख्रिस्तभक्तांचा एक मेळा उभारावा, या हेतूनें ते साताऱ्यास गेले व त्या मेळ्याला त्यांनीं ‘देवाचा दरबार’ असें नांव दिलें. ठरलेली मिळकत बंद झाली व संसाराचा भार पुनः लक्ष्मीबाईंवर आला. परंतु दोन वर्षांच्या आंतच, ता. ९ मे १९१९ रोजीं, टिळक मुंबईस वारले. चाळीस वर्षांचा सहवास संपला. पहिल्या वियोगांत आशा होती. या वियोगांत ती नव्हती. लक्ष्मीबाईंचें वय त्या वेळीं एकावन्न वर्षांच्या आसपास होतें.

या वयांत सामान्य माणूस उरलेले दिवस मोजूं लागतो. लक्ष्मीबाईंच्या हातून जीं दोन मोठीं कामें झालीं तीं यानंतरचीं आहेत. टिळकांनीं ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ नांवाचें महाकाव्य आरंभिलें होतें. त्याचे सुमारें दहाच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. तें अर्धवट राहिलेलें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. कोठें संस्कृतज्ञ टिळक आणि कोठें मोडकें तोडकें शिकलेली त्यांची पत्नी, असें कोणालाही वाटलें असतें. पण त्यांनीं एकामागून एक असे साठांहून अधिक अध्याय रचून तें काव्य पूर्ण केलें. ओवीची भाषा त्यांना पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती. ती जात्यावरच त्यांच्या मुखीं बसली होती.

दुसरें काम ‘स्मृतिचित्रें’. मुलगा देवदत्त याच्या मनांत वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यानें आईला तिच्या आठवणी लिहून देण्यास सांगितलें. आईनें लिहावयास घेतलें, आणि चरित्राची सामग्री म्हणून जें सुरू झालें तेंच स्वतंत्र ग्रंथ होऊन बसलें. सन १९३४ पासून तो भागाभागांनीं पुस्तकरूपानें निघूं लागला. शेवटचा चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडला. या ग्रंथांत पल्लेदार वाक्यें नाहींत, पांडित्य नाहीं, उपदेश नाहीं. आजी ओट्यावर बसून सांगते तसें सरळ सांगणें आहे. पति थोर होता म्हणून त्याचे दोष झांकलेले नाहींत, आणि पतीनें छळलें म्हणून त्याची थोरवी कमी केलेली नाहीं. स्वतःच्या फजितीवर त्या इतरांच्या आधीं हंसतात. सोंवळें वडील, तापट सासरे, विक्षिप्त पति यांपैकीं कोणाविषयींही त्यांच्या मनांत कडवटपणा राहिलेला दिसत नाहीं. दुःख भोगून तें असें स्वच्छ सांगतां येणें हें मोठ्या मनाचें लक्षण होय. सन १९५० मध्यें या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर निघालें व परदेशांतही तो वाचला गेला.

सन १९३३ मध्यें नागपूर येथें भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना देण्यांत आलें. ज्या मनूला अक्षरओळख करून देणेंही कोणाला आवश्यक वाटलें नव्हतें, ती साहित्यिकांच्या सभेच्या अग्रस्थानीं बसली! ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. ज्या गोदावरीच्या कांठीं जन्म झाला, तिच्याच कांठीं त्यांनीं देह ठेविला.

लक्ष्मीबाईंच्या चरित्राकडे पाहिलें असतां आमच्या मनांत एक विचार येतो. त्यांचें घर प्रथम फार लहान होतें. त्यांत आपल्या जातीचींच माणसें मावत. मग त्यांत परक्या जातीच्या शेजाऱ्यांना जागा झाली. मग दुष्काळांतील निराधार मुलांना, प्लेगाच्या रोग्यांना, लहरी कवीला. आणि शेवटीं पुस्तकाच्या द्वारें आपण सर्वच त्या घरांत जाऊन बसलों. दत्तूची आई होतां होतां त्या अनेकांची आई झाल्या. प्रत्येक वेळीं भिंत मागें सरकवितांना त्यांना वेदना झाल्या, वेळ लागला, लोकांचे बोल ऐकावे लागले. पण एकदां सरकविलेली भिंत त्यांनीं पुनः पुढें आणली नाहीं.

विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. देवदत्तांनीं विचारलें नसतें, तर हा ग्रंथ कदाचित् लिहिलाच गेला नसता. तुमच्या घरींही आई आहे, आजी आहे. ती कोठें जन्मली, किती शिकली, नोकरी व घर यांचा मेळ तिनें कसा घातला, कोणाच्या आजारपणांत ती रात्र रात्र जागली, याची तुम्हांला किती माहिती आहे? येत्या सुटींत एक वही घ्यावी, तिच्याजवळ बसावें, तिला विचारावें, आणि ती सांगेल तें तिच्याच शब्दांत उतरून काढावें. पालकांनींही मुलांना नको म्हणूं नये. सर्वच वह्यांचे ग्रंथ होणार नाहींत हें उघड आहे. परंतु आईची जी हकीगत हजेरीबुकांत मिळत नाहीं, ती निदान तिच्या मुलांच्या हातीं राहील.